लांब तार नको, तार लांब हवी: शॉर्टवेव्हसाठी घराबाहेरची एरियल

आमच्या गुहागरकडच्या घरात व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता आणि माजघराच्या भिंतीवर, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली होती. तीच एरियल. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावलं की अमीन सायानींचा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जायचा. तेव्हा घरात बल्ब होते दोन, तेही पिवळे.

आज पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याहून कितीतरी चांगला रेडिओ आणून दांडी पूर्ण उघडली, तर ऐकू येते ती फक्त खरखर. नवीन माणूस इथेच म्हणतो, ‘शॉर्टवेव्ह संपलं’ आणि रेडिओ कपाटात जातो. शॉर्टवेव्ह कमी झालंय हे खरं. बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर थांबलं, अनेक देशांनी ट्रान्समीटर बंद केले. पण उरलेलं पुष्कळ आहे आणि ते तुमच्या गच्चीपर्यंत येतंय. तिथून रेडिओपर्यंत येताना वाटेत मरतंय.

मी तीन वेळा एरियल बांधली, दोनदा चुकलो. तुमचे ते दोन रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी खरखर कुठून येते ते शोधा

तार विकत आणण्याआधी हे करा. रेडिओ बॅटरीवर चालवा, चार्जर काढून टाका. रात्री ९५०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशा जागी लावा आणि घरचा मेन एमसीबी खाली पाडा. (घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.) खरखर एकदम खाली गेली तर चोर घरातच आहे. आता एकेक वस्तू चालू करत जा: एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, टीव्ही. आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला तो स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी बल्ब. तो बदलला आणि निम्मं काम तिथेच झालं.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजारून, लिफ्टच्या मोटरमधून किंवा रस्त्यावरच्या दिव्यातून येतेय. तिला तुम्ही बंद करू शकत नाही. तिच्यापासून लांब जाऊ शकता. बाहेरची एरियल त्यासाठीच.

पुण्यात एक सोय आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा सगळी गल्ली गप्प असते. त्या तासाभरात रेडिओ लावून बघा. आपल्या जागेवर खरोखर काय काय ऐकू येऊ शकतं त्याची ती मोजपट्टी. लोडशेडिंगला आशीर्वाद देणारी जमात कुठली असेल तर ती आमची.

२. जागा ठरवा

पहिल्या खेपेला मी तीस मीटर तार आणली आणि गच्चीवर ती लिफ्टच्या मशीनरूमच्या कठड्याला बांधली, कारण तो कठडा सगळ्यात उंच होता. रेडिओचा सिग्नल मीटर पूर्ण भरला. मी खूश. मग लक्षात आलं की प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर मीटर भरलेलाच आहे आणि स्टेशन एकही नाही. ती तार लिफ्ट ऐकत होती.

म्हणून मीटर किती हलतो ते बघू नका. खरखरीच्या वर आवाज किती उठतो ते बघा. रिकाम्या जागी मीटर शांत आणि स्टेशनवर वर जातो, तर एरियल चांगली. बारा मीटरची तार इमारतीच्या वायरिंगपासून, लिफ्टपासून, सोलरच्या इन्व्हर्टरपासून दूर असेल तर ती त्यांना चिकटून धावणाऱ्या चाळीस मीटरच्या तारेला भारी पडते. ऐकण्यासाठी १२ ते २० मीटर पुरे.

फिरता रेडिओ हातात घेऊन गच्चीभर, अंगणभर चालत जा. जिथे खरखर सगळ्यात कमी, तिथे तार. गावच्या घरी हे सोपं असतं. घराकडे पाठ करून परसातल्या माडाकडे जायचं.

आणि ही गोष्ट विसरलात तर बाकीचं वाचून उपयोग नाही: विजेच्या तारांच्या खालून, वरून किंवा जवळून एरियल न्यायची नाही. महावितरणची सर्व्हिस वायर असो की ११ केव्हीची लाइन. हिशोब सोपा आहे: एरियल कुठल्याही टोकाला तुटली, वाऱ्याने कुठेही उडाली, तरी विजेच्या तारेला टेकता कामा नये. तेवढं अंतर मिळत नसेल तर ती जागा सोडा. दगडाला दोरी बांधून झाडावर फेकतानाही हाच नियम.

३. सोसायटीची परवानगी

प्रसारण ऐकायला आता सरकारी परवाना लागत नाही. एके काळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढावं लागे, ते दिवस गेले. हॅम म्हणून, म्हणजे हौशी रेडिओवाला म्हणून, स्वतः बोलायचं असेल तर परीक्षा आणि दूरसंचार विभागाचा परवाना हवा, पण तो वेगळा विषय.

गच्ची मात्र सगळ्यांची. मी दुसऱ्या खेपेला न विचारता कठड्यात दोन खिळे ठोकले. त्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालं होतं. सेक्रेटरी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता अर्ज असा करा:

- एका पानाचा साधा अर्ज. ‘रेडिओ ऐकण्यासाठीची तार, काहीही प्रक्षेपित होत नाही’ हे वाक्य ठळक. लोकांना मोबाइल टॉवर आठवतो, म्हणून हे लागतंच.
- गच्चीचा हाताने काढलेला नकाशा: तार कुठून कुठे, किती उंचीवर, केबल कुठून खाली येणार.
- खिळा, ड्रिल काही करणार नाही, आणि सांगाल तेव्हा उतरवेन, असं लेखी.
- भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं संमतीपत्र.

‘अँटेना’ लिहिलं तर चर्चा होते, ‘तार’ लिहिलं तर होत नाही, हा माझा अनुभव. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या वर, डोक्याच्या बरीच वर बांधा, नाहीतर पहिली तक्रार तिथूनच येईल.

४. सामान

- तार: घरगुती वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर. प्लॅस्टिकचं आवरण सोलायचं नाही, रेडिओलहरींना त्याने काही अडत नाही. दुकानदार ९० मीटरचं पूर्ण बंडल गळ्यात मारायला बघतो. सुटी मीटरवर देणारा शोधा. दुसरा मार्ग म्हणजे मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तिथे एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. २० गेजची वीस मीटर तार भरते जेमतेम सव्वाशे ग्रॅम, आणि लांबून दिसतही नाही.
- केबल: डिशला लागते ती आरजी-६. तिचा ७५ ओहम इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ऐकण्यासाठी बिनधास्त चालतो. ५० ओहमचीच हवी म्हणून हटून बसू नका.
- इन्सुलेटर: चिनी मातीचे मिळाले तर उत्तम, नाहीतर पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, दोन्ही टोकांना भोक पाडून.
- दोरी: उन्हात टिकणारी पॉलिएस्टरची. निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी एका उन्हाळ्यात भुसा होते.
- एक लहान कप्पी आणि वजनाला पाण्याची दोन लिटरची बाटली.
- फेराइटची गोल रिंग, एफटी-१४०-४३ नावाने ऑनलाइन मिळते. दोन घ्या.
- झाकणाचा पीव्हीसी जंक्शन बॉक्स, एम-सील, चांगली इन्सुलेशन टेप.
- अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड किंवा जीआय पाइप, मीटर-सव्वा मीटर.
- सोल्डरिंग गन, पक्कड, मल्टिमीटर. ३.५ मिलिमीटरचा मोनो प्लग किंवा तुमच्या रेडिओच्या सॉकेटला बसेल तो.

तार आणि केबल यांची जुळणी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे बालन, तयार विकत मिळतो. पण पुढचं वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

५. डबीतला ट्रान्सफॉर्मर

एका टोकाने लोंबणाऱ्या तारेचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, पण ढोबळमानाने काही शे ओहम असतो. केबलचा ७५. दोघांची गाठ थेट घातली तर बराच सिग्नल परत फिरतो. मध्ये ९:१ चा ट्रान्सफॉर्मर घातला की जमतं. वेढ्यांचं प्रमाण ३:१ असलं की इम्पिडन्सचं ९:१ होतं, कारण तो वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

फेराइट रिंगवर एका बाजूला ९ वेढे, दुसऱ्या बाजूला ३ वेढे. तार रिंगच्या भोकातून एकदा गेली की एक वेढा, इथे मोजणीत गफलत होते. ९ वेढ्यांचं एक टोक एरियलच्या तारेला, दुसरं अर्थिंगला. ३ वेढ्यांचं एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं केबलच्या जाळीला. दोन्ही बाजू एकमेकींना जोडायच्या नाहीत. ऑनलाइन दिसणाऱ्या बऱ्याच आकृत्यांत त्या जोडलेल्या असतात. तसंही स्टेशन लागतं, पण मग घरातली खरखर केबलच्या जाळीवरून चढत वर एरियलपर्यंत पोचते आणि तिथून सिग्नल बनून खाली येते. वेगळ्या ठेवल्या की ती वाट बरीचशी बंद होते. माझ्या तिसऱ्या एरियलमधला खरा फरक हाच.

बॉक्स बंद करताना तळाला बारीक भोक ठेवा. कितीही एम-सील लावलं तरी आपल्या पावसात आत ओल धरतेच, तिला बाहेर पडायला वाट हवी. वायरी आत शिरण्याची भोकं खालच्या बाजूला, कधीच वर नाही.

६. तार चढवणे

एकट्याने करू नका. कठड्यावर उभं राहायचं नाही. माडावर चढायचं असेल तर नारळ पाडणाऱ्यालाच सांगा, पाडप होईल आणि दोरीही बांधून मिळेल.

एक टोक पक्कं बांधा. दुसऱ्या टोकाला इन्सुलेटरनंतरची दोरी कप्पीवरून घेऊन खाली बाटली लोंबकळत सोडा. झाड डोललं की बाटली वरखाली होते, तार तुटत नाही. कोकणात जूनमधला वारा बघितलेला माणूस हे विचारणारच नाही की कशाला. शहरात दोन पक्क्या खांबांमध्ये बांधत असाल तर कप्पी नको, पण तार सतारीसारखी ताणू नका, थोडा झोळ राहू द्या.

उंची सहा ते नऊ मीटर मिळाली तर छान. तीन मीटर मिळाली तरी बांधा. तार सरळ जात नसेल तर मध्ये वळवा, तिरपी खाली आणा, काही बिघडत नाही. तिची दिशा कुठली, युरोपकडे की चीनकडे, यात डोकं घालू नका. एवढ्या तारेला दिशेचं फार भान नसतं.

संक्रांतीच्या आसपास चढवत असाल तर थांबा. पतंगाचा मांजा अडकतो आणि मग पोरं तुमची तार ओढून पतंग सोडवतात.

गच्ची नाहीच? मग बाल्कनीतून पातळ एनॅमलची तार ओळंब्यासारखी खाली सोडा, टोकाला लहान वजन. रात्री सोडा, सकाळी ओढून घ्या. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले ठेवा.

७. अर्थिंग

गावच्या घरी: बॉक्सच्या थेट खाली ओलसर जागी रॉड ठोका, जाड तारेने ९ वेढ्यांच्या मोकळ्या टोकाला जोडा. न्हाणीघराच्या पाण्याची जागा सगळ्यात उत्तम, अळूचं आळं असेल तिथे. जांभा दगड लागला तर खड्डा करून कोळसा आणि मीठ भरा, जुनीच पद्धत.

गच्चीवर माती नाही. तिथे पाच-आठ मीटरची दुसरी तार कठड्याच्या कडेने जमिनीलगत पसरून त्या टोकाला जोडा, काम भागतं.

घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग वापरू नका. सगळ्या उपकरणांची घाण त्याच तारेवर असते, आणि इमारतीच्या वायरिंगमध्ये दोष असेल तर तिथे करंटही असू शकतो. इमारतीच्या तडितरोधकाच्या पट्टीला तर हातही लावू नका.

८. केबल रेडिओपर्यंत

खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकून जाईल. नाहीतर पहिल्या पावसात ते केबलवरून ओघळत थेट भिंतीत. आत आल्यावर, रेडिओच्या जवळ, दुसऱ्या फेराइट रिंगमधून केबलचे जमतील तितके वेढे घ्या. जाड आरजी-६ जात नसेल तर जुन्या मॉनिटरच्या केबलवर असायचे ते काळे ठोकळे कापून, उघडून वापरा.

रेडिओला बाहेरच्या एरियलचं सॉकेट असेल, टेकसनच्या बऱ्याच मॉडेलना असतं, तर प्लग घाला आणि मोकळे व्हा. पॅनासॉनिक आरएफ-५६२डी सारख्या साध्या रेडिओला सॉकेट नसतं. तिथे वायर सोलून दांडीला चाप लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी केबलच्या मधल्या तारेला आवरणासकट वायरचा तुकडा जोडून त्याचे चार-पाच वेढे दांडीवर नुसते गुंडाळा. तेवढंच पुरतं.

कारण जास्त सिग्नल ही पण अडचण असते. साधा रेडिओ बाहेरच्या एरियलवर गुदमरतो. माझ्या जुन्या रेडिओत ७९२ किलोहर्ट्झचं पुणे आकाशवाणी शॉर्टवेव्हवर चार ठिकाणी वाजायला लागलं होतं. दुसरी खूण म्हणजे तेच स्टेशन ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा लागतं. ते भूत असतं, साध्या रेडिओच्या ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफमुळे (रेडिओच्या आतली ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी) तिच्या दुप्पट अंतरावर येणारं. नवीन माणूस त्याला नवं स्टेशन समजून वहीत लिहितो. असं झालं तर वेढे कमी करा, ‘लोकल-डीएक्स’ (जवळचं-लांबचं) बटण असेल तर लोकलवर टाका, तार छोटी करा.

९. आकाशातली वीज

एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे आपल्याकडे विजांचे खरे दिवस. भर आषाढातल्या झडीपेक्षा ते धोक्याचे. नियम एकच: ऐकणं संपलं की केबल रेडिओतून काढायची आणि तिचं टोक खिडकीबाहेर ठेवायचं. रोज. ‘आज आभाळ निरभ्र आहे’ असं म्हणून नाही सोडायचं. गडगडायला लागल्यावर केबल काढायला जाऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, ते जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं.

बाजारात अरेस्टर मिळतात. ते तारेवर साठणाऱ्या स्थिर विद्युतभारापासून रेडिओ वाचवतात. थेट वीज पडली तर काहीही वाचवत नाही.

वीज नसतानाही कोरड्या वाऱ्यात तारेवर भार साठतो आणि रेडिओच्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा बळी घेतो. वेगळ्या वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि रॉड असेल तर तो भार परस्पर जमिनीत उतरतो.

१०. लावून बघा

चाचणीसाठी चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र वापरा, १०,००० किलोहर्ट्झवर. संध्याकाळनंतर दर सेकंदाला टिक् ऐकू यायला हवी. दांडीवर ऐका, मग एरियलवर. दोन्हीकडे खरखर आणि टिक् यांतला फरक वहीत लिहा.

बाकी बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचे पट्टे, वेळेप्रमाणे. त्यांच्या नावातले मीटर हे लहरीच्या लांबीचे, तारेच्या नव्हे. दिवसा वरचे: १९ मीटर (१५,१०० ते १५,८००) आणि १६ मीटर (१७,४८० ते १७,९००). सूर्य मावळताना २५ आणि ३१ मीटर (११,६०० ते १२,१०० आणि ९४०० ते ९९००). रात्र चढली की ४१ आणि ४९ मीटर (७२०० ते ७४५० आणि ५९०० ते ६२००), सगळे आकडे किलोहर्ट्झमध्ये. सूर्यास्ताच्या मागचापुढचा अर्धा तास सोडू नका.

एकाच बँडचं वेड लागलं तर पुढे डायपोल बांधा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, तेवढे मीटर एकूण लांबी. ९.६ साठी जवळजवळ पंधरा मीटर, बरोबर मध्ये कापून केबलला जोडायची. पण पहिली एरियल ही नको.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. काल लागणारं स्टेशन आज गायब झालं तर गच्चीवर धावण्याआधी तारीख बघा.

जूनआधी एकदा आणि दिवाळीत एकदा दोरी, गाठी, बॉक्स तपासा. समुद्राजवळ तांबं हिरवं पडतं, जोड पुन्हा सोल्डर करावे लागतात. दिवाळीत तपासणी उजेडी करा आणि रात्री रेडिओ लावायचा हट्ट सोडा. सगळ्या सोसायटीवर चिनी दिव्यांच्या माळा असतात, त्यापुढे कुठलीही एरियल चालत नाही.

स्टेशन नीट लागलं की त्यांना रिसेप्शन रिपोर्ट पाठवा. फ्रिक्वेन्सी, तारीख, कार्यक्रमात काय ऐकलं ते, आणि सिनपोचे पाच आकडे: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाचे चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकी १ ते ५. काही स्टेशनं अजून छापील क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच, पाठवतात. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी रात्रीचे साडेनऊ असे भारतीय वेळेत लिहिले होते. त्या वेळी यूटीसीप्रमाणे त्यांचा ट्रान्समीटर बंद असायचा. कार्ड अर्थातच आलं नाही.